लागेल की नाही ते नंतर सांगा, कधी ते तरी सांगा

जुलै उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत दोन कामं एकदम सुरू होतात. बाहेर भाताची लावण, आणि आत बारावी झालेल्या पोराच्या हातातला मोबाइल. प्रवेशाची यादी लागली का, साइट उघडते का, तारीख परत पुढं गेली का. सकाळी उठल्या उठल्या तेच, रात्री झोपतानाही तेच. त्यात मामा-मावश्यांचे फोन: “कुठं लागलं गं?” लागलेलं नसतं. लागलेलं नाही असंही नसतं. काहीच कळलेलं नसतं, आणि असेच दोन-अडीच महिने जातात.

यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे. जागा थोड्या, मुलं उदंड, मग धाकधूक व्हायचीच. मला हे उत्तर पटत नाही. सीट न मिळण्याचं दुःख स्पर्धेतून येतं आणि ते टळणारं नाही, हे मान्य. निकाल कधी कळणार हेच न कळण्याचा जाच मात्र वेगळा आहे. तो तारखा न पाळण्यातून येतो, आणि आमच्या सीमाभागात तर दोन राज्यं आपापली वेळापत्रकं एकमेकांकडे न बघता आखतात, म्हणून तो दुप्पट होतो. हा जाच माणसांच्या कारभाराने निर्माण केला आहे, तेव्हा कारभार सुधारून तो कमीही करता येईल.

मी बेळगावात पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना गणित शिकवतो. मे ते सप्टेंबर या काळात मुलं आणि त्यांचे पालक ऑप्शन एंट्रीसाठी, म्हणजे कॉलेजांचे पर्याय भरायला, माझ्याकडे येऊन बसतात. त्यामुळे हा विषय मला वर्तमानपत्रातून कळलेला नाही.

बाहेरच्या माणसाला आमच्या मुलांचा हेवा वाटतो. “तुम्हाला काय, इकडं नाही लागलं तर तिकडं.” कागदावर ते खरंही आहे. आमची मुलं कर्नाटकात शिकतात, म्हणून बेंगळुरूच्या केईएची, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची, सीईटी देऊन राज्याच्या जागांवर हक्क सांगतात. दुसरीकडे महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या नियमांत ‘टाइप ई’ नावाचा उमेदवार आहे. विवादग्रस्त सीमाभागातल्या संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेला, त्याच भागात राहणारा आणि मातृभाषा मराठी असलेला, असा तो उमेदवार. म्हणजे बेळगावच्या मुलीला बेंगळुरूच्या यूव्हीसीईचंही स्वप्न बघता येतं आणि पुण्याच्या सीओईपीचंही. दोन्ही इंजिनिअरिंगच्या जुन्या, नावाजलेल्या सरकारी संस्था. सीओईपी 1854 ची, 2022 साली कायद्याने तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. यूव्हीसीई विश्वेश्वरय्यांनी 1917 साली सुरू केलेली, तिलाही आता राज्य विद्यापीठाचा दर्जा आहे. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या साध्या घरातल्या मुलांसाठी या दोन नावांना मोठा अर्थ आहे, कारण तिथली फी खासगी कॉलेजच्या मानाने कितीतरी कमी असते.

पण दोन ठिकाणी अर्ज करणं म्हणजे दोन वेगळ्या परीक्षांना बसणं. कर्नाटकात इंजिनिअरिंगची रँक काढताना पीयूसीचे गुण निम्मे आणि सीईटीचे निम्मे धरतात. महाराष्ट्रात बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते लागतात, पुढचं सगळं एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर. इकडची परीक्षा प्रत्येक विषयाला 60 गुणांची, तिकडे गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. एका मुलाने मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा द्यायची, एप्रिलमध्ये बेळगावात केसीईटी, म्हणजे कर्नाटकची सीईटी, आणि मग कोल्हापूरचं सेंटर घेऊन एमएचटी-सीईटी. हे सगळं आमची मुलं करतात, कुरकुर न करता करतात. खरा जाच परीक्षा संपल्यावर सुरू होतो.

तो कसा चालतो ते नीट सांगायला हवं, कारण ज्यांच्या घरी बारावीचं मूल नाही त्यांना ‘राऊंड’ या शब्दाच्या पोटात काय आहे याची कल्पना नसते.

केईए आधी मॉक अलॉटमेंट काढते. ती खरी नसते, फक्त अंदाज. मग पर्याय वर-खाली करायला थोडे दिवस मिळतात आणि त्यानंतर पहिल्या फेरीची खरी यादी लागते. सीट लागली की मुलाने चारपैकी एक चॉइस निवडायचा. चॉइस 1 म्हणजे ही सीट घेतली, विषय संपला. चॉइस 2 म्हणजे ही हातात ठेवतो पण पुढच्या फेरीत वरची मिळाली तर ती घेईन. चॉइस 3 म्हणजे ही नको, पुढच्या फेरीत बघू. चॉइस 4 म्हणजे मी या खेळातूनच बाहेर. महाराष्ट्रातही कॅप राऊंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, असतात. तिथे पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, खालचं लागलं तर बेटरमेंटसाठी, म्हणजे वरचं मिळेल या आशेने, थांबता येतं. दोन्ही पद्धती आपापल्या जागी विचार करून बनवलेल्या आहेत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार इथून पुढे आहे. खानापूर तालुक्यातल्या एका मुलीला कर्नाटकच्या पहिल्या फेरीत एका खासगी कॉलेजात सरकारी कोट्यातली सीट लागते. फी लाखाच्या आसपास. चॉइस ठरवायला तिच्या हातात मोजके दिवस. महाराष्ट्राची यादी अजून लागायची आहे, आणि तिथे तिचं पर्सेंटाइल सीओईपीच्या किंवा सांगलीच्या वालचंदच्या उंबरठ्यावर आहे. गेल्या वर्षीचा कट-ऑफ बघितला तर लागेलही, नाहीही. तिने इकडची सीट घेऊन पैसे भरले आणि महिन्याने तिकडची लागली, तर इकडचे पैसे परत मिळवायला झगडावं लागेल. एका टप्प्यानंतर सीट सोडली तर भरलेली फी जाते, वर दंडाचं कलमही नियमात असतं. इकडची सोडली आणि तिकडची लागली नाही, तर वर्ष हातचं गेलं. तिचे वडील माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसलेले. त्यांनी विचारलं, “सर, आता काय करूचं? तुम्ही म्हणाल ते करूया.”

मी म्हणेन ते करायला ते तयार होते, आणि काय म्हणावं ते मला कळत नव्हतं. तिची रँक मला माहीत होती, मागच्या वर्षांच्या क्लोजिंग रँका माझ्यासमोर उघड्या होत्या, गणित तर माझा विषय. माहीत नव्हती ती एकच गोष्ट: महाराष्ट्राची यादी चार दिवसांत लागणार की चार आठवड्यांत. ती तारीख कळली असती तर निर्णय सोपा होता. म्हणजे त्या घराची झोप उडवणारी गोष्ट स्पर्धा नव्हती, एक तारीख होती.

माणूस वाट बघायला घाबरत नाही. स्टँडवर एसटी साडेपाचला येणार असं ठाऊक असलं तर तो निवांत चहा पिऊन येतो. कधी येणार तेच माहीत नसेल तर फलाटावरून हलत नाही. आमची मुलं अडीच महिने फलाटावरून हलत नाहीत. एखादं पुस्तक वाचत नाहीत, गाडी शिकायला जात नाहीत, शेतात बापाला मदत करतानाही खिशातला फोन बाहेर काढून बघतात. आयुष्यातली पहिली मोठी सुट्टी अशी जाते, आणि पुढे कॉलेजात ती आधीच थकून पोचतात.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या प्रक्रियेत तारखा पक्क्या कशा ठेवणार? याला माझं उत्तर असं, की त्या ठेवायच्या असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. मेडिकलच्या प्रवेशांचं वेळापत्रक 2005 साली मृदुल धर खटल्यात न्यायालयाने आखून दिलं. इंजिनिअरिंगचं 2012 च्या डिसेंबरमध्ये पार्श्वनाथ चॅरिटेबल ट्रस्टच्या खटल्यात. त्यात स्पष्ट होतं: पहिली फेरी 30 जूनपर्यंत, दुसरी 10 जुलैपर्यंत, शेवटची 20 जुलैपर्यंत, 1 ऑगस्टला वर्ग सुरू. त्या न्यायमूर्तींनाही भारतात किती मुलं परीक्षा देतात हे माहीत होतं. तरीही त्यांनी तारखा घातल्या, कारण तारीख नसली की प्रवेशात गैरव्यवहाराला वाव मिळतो आणि मुलांचे हाल होतात, हे त्यांच्यासमोर आलेल्या खटल्यांतूनच दिसत होतं. पुढे कोरोना आला, सगळं कोलमडलं, ते समजण्यासारखं होतं. पण कोरोना गेल्यावरही तारखा जागेवर आल्या नाहीत. मुदतवाढ हीच रीत होऊन बसली आहे. फॉर्म भरायला मुदतवाढ, कागदपत्रं तपासायला मुदतवाढ, पर्याय भरायला मुदतवाढ. प्रत्येक मुदतवाढ कुणा तरी उशिरा आलेल्यावर दया म्हणून दिलेली असते, आणि तिची किंमत वेळेत आलेले सगळे भरतात.

2024 साल आठवा. नीटचा निकाल 14 जूनला लागणार होता, तो 4 जूनला, लोकसभेची मतमोजणी चालू असताना लावला. 67 मुलांना 720 पैकी 720. मग 1,563 जणांना दिलेल्या वाढीव गुणांचा घोळ, पेपरफुटीची प्रकरणं, सुप्रीम कोर्ट. परीक्षा रद्द होणार नाही हे 23 जुलैला कळलं. परीक्षेला बसलेल्या तेवीस लाखांहून अधिक मुलांनी मधले दिवस कसे काढले असतील! आणि हे फक्त डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांचं राहिलं नाही. केईए इंजिनिअरिंग आणि मेडिकलचं सीटवाटप एकत्र चालवते, म्हणून नीट रखडली की इंजिनिअरिंगही अडकतं. त्याच वर्षी केसीईटीत अभ्यासक्रमाबाहेरचे 50 प्रश्न आले, ते वगळून निकाल लावावा लागला. निकाल 1 जूनला लागला खरा, पण ऑगस्टचा मध्य उलटला तरी पहिल्या फेरीची खरी यादी मुलांच्या हातात नव्हती. ज्यांनी नीट दिलीच नव्हती त्यांनीही ती शिक्षा भोगली.

दोन्ही अभ्यासक्रम एकत्र चालवण्यामागे कारण आहे, हेही सांगतो. डॉक्टरची सीट लागलेलं मूल इंजिनिअरिंगची सीट अडवून बसू नये, हा त्यामागचा हेतू चांगला आहे. एक मूल वर सरकलं की त्याची जागा दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी ही साखळी असते, आणि ती पूर्ण फिरायला वेळ लागतोच. शेवटच्या फेरीपर्यंत कुणाचं काय होईल हे कुणीच आधी सांगू शकत नाही. इतकी वाट बघणं न्यायाचं आहे. आयआयटी-एनआयटीच्या जोसाची, म्हणजे त्यांच्या एकत्रित सीटवाटपाची, साखळी याहून लांब आहे, देशभरातल्या शंभरावर संस्था त्यात आहेत. पण जोसा सुरुवातीलाच सगळ्या फेऱ्यांचं कॅलेंडर जाहीर करते आणि बहुतेक वेळा ते पाळते. मुलगा दारावर तारखांचा कागद चिकटवतो आणि त्या तारखेला दुपारी बघतो. मधले दिवस त्याचे असतात. मोठी साखळी आणि पक्की तारीख एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा डोळ्यांसमोर आहे.

आता पैशाचं. न कळण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, आणि माझ्या मते या प्रश्नातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो वाट बघतच नाही. तो मे महिन्यातच एखाद्या खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून सीट पक्की करतो, जुलैत सरकारी लागली तर उत्तम, नाही लागली तर कुठं अडलंय. ती भरलेली रक्कम बुडाली तरी त्याच्या घरचा स्वयंपाक थांबत नाही. ज्याच्याकडे नाही तो दोन्ही याद्यांकडे डोळे लावून बसतो. कधी मध्येच धीर सुटतो, सोसायटीचं कर्ज काढून मिळेल तिथं प्रवेश घेतो, आणि पुढच्या फेरीत त्याला मिळू शकली असती ती सरकारी सीट दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जाते. तारखेची अनिश्चितता अशी मुकाट्याने गरिबाच्या मुलाला सरकारी विद्यापीठाच्या बाहेर काढते. गुण त्याच्याकडे होते. थांबण्याची ऐपत नव्हती.

मुलींच्या बाबतीत आणखी एक धार आहे. “पोरीला किती दिवस अशी घरी बसवूचं?” हा प्रश्न ऑगस्टमध्ये मी दर वर्षी ऐकतो. विचारणारा बाप वाईट नसतो. त्याला शिकवायचंच असतं. पण शेजारचे विचारत असतात, भाऊबंद विचारत असतात, आणि गावातल्या डिग्री कॉलेजची प्रवेशाची मुदत संपत आलेली असते. मग बीएस्सीला नाव घालून टाकतात. नंतर बेंगळुरूचं काही लागलं तरी पाचशे किलोमीटर लांब पाठवायचं बळ तोवर ओसरलेलं असतं.

फी परत मिळण्याचे नियम आहेत, नाहीत असं नाही. वर्ग सुरू होण्याआधी प्रवेश सोडला तर एक हजारापेक्षा जास्त न कापता बाकी फी परत करावी, असं एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद, सांगते. यूजीसीनेही, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानेही, 2018 च्या अधिसूचनेत किती दिवसांत सोडलं तर किती टक्के परत, याचा तक्ता दिला आहे, आणि मुलांचे मूळ दाखले कॉलेजांनी अडकवून ठेवू नयेत असं बजावलं आहे. माझ्या एका विद्यार्थ्याला मात्र एका कॉलेजने दहावीचं मूळ मार्क्सकार्ड देताना इतके हेलपाटे मारायला लावले की दुसऱ्या राज्यातल्या रिपोर्टिंगची मुदत संपायला एक संध्याकाळ उरली होती. अशा वेळी पालकाने अधिसूचनेचा कागद काउंटरवर ठेवावा म्हणून मी आता त्याच्या प्रती काढूनच ठेवतो. पण हे काम एका मास्तरच्या कपाटातून चालू नये.

दाखल्यांचंही असंच. टाइप ई साठी गाव सीमाभागातलं असल्याचा दाखला लागतो, मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. हे दोन्ही दाखले निकालावर अवलंबून नाहीत. मुलगी अकरावीत असतानाही तिचं गाव तेच असतं आणि मातृभाषाही तीच. मग त्यांची तपासणी फेब्रुवारी-मार्चमध्ये का होऊ नये? निकालानंतरच्या गर्दीत, साइट बसलेली असताना, पावसात दाखल्यासाठी धावाधाव कशाला?

या विषयावर बोलायला लागलं की दोन बाजूंनी ओरडा होतो. एक बाजू म्हणते, कर्नाटकात राहता, कर्नाटकची सीट घ्या, महाराष्ट्राकडे डोळे कशाला? दुसरी बाजू, आमच्यातलीच, म्हणते, केईएच्या दारात उभंच कशाला राहायचं, आपलं महाराष्ट्रात आहे ना. पहिल्यांना मी एवढंच सांगेन की ही मुलं कर्नाटकची रहिवासी आहेत, इथला कर त्यांचे आईबाप भरतात, पहिलीपासून इथल्या शाळेत ती कन्नड शिकली आहेत. राज्याच्या जागेवर त्यांचा हक्क कुणाची मेहेरबानी नाही, आणि महाराष्ट्राने जो पर्याय ठेवला आहे तो घेतल्याने हा हक्क कमी होत नाही. दुसऱ्यांना सांगेन की भाषेवर प्रेम करणं वेगळं आणि अठरा वर्षांच्या मुलीला अर्धी संधी सोडून दे म्हणणं वेगळं. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो लागेल तेव्हा लागेल. तोवर दर वर्षी एक नवी बॅच बारावी होते, तिला दोन्हीकडची संधी पूर्ण मिळाली पाहिजे. जागांच्या वाटपात मराठी माध्यमाच्या मुलांना काय मिळतं, काय मिळत नाही, हे वेगळं भांडण आहे आणि ते भांडायलाही हवं. पण तारखांसाठी ते संपायची वाट बघायची गरज नाही.

भाषेचा एक मुद्दा मात्र इथंच येतो. केईएच्या सूचना कन्नड आणि इंग्रजीत असतात. मुलांना दोन्ही वाचता येतात. आईबापांना, विशेषतः खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांतल्या, येत नाहीत. पोरगी वाचते आणि बाप तिच्या तोंडाकडे बघत राहतो. घरातला सगळ्यात मोठा पैशाचा निर्णय ज्याने घ्यायचा त्यालाच समोरचा कागद मुका. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशाने मान्य केलेलं जुनं तत्त्व आहे. निदान वेळापत्रक आणि चॉइस 1 ते 4 चा अर्थ सांगणारं एक पान मराठीत छापायला काय हरकत आहे? त्याने कन्नडचं काही कमी होत नाही. न कळल्यामुळे वाढणारी भीती तेवढी कमी होते.

आणि दोन राज्यं एकत्र बसत नाहीत, बसणार नाहीत, हेही खरं नाही. कृष्णेचा पूर आठवून बघा. 2019 ला सांगली-कोल्हापूर बुडालं, इकडे चिकोडी-अथणीकडची गावंही पाण्यात गेली. त्यानंतर 2021 च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, आणि अलमट्टीतून किती पाणी सोडायचं, कोयनेतून किती, याची माहिती एकमेकांना देत राहायचं ठरलं. पावसाळ्यात दोन्हीकडचे अभियंते एकमेकांशी फोनवर बोलतात. सीमाप्रश्न तिथं आड येत नाही, कारण धरणाच्या खाली माणसं आहेत हे दोघांनाही दिसतं. तोच जुलै, तीच गावं. प्रवेशाच्या तारखांसाठी तसाच एक फोन बेंगळुरूच्या केईएतून मुंबईच्या सीईटी सेलला जायला कुठली अडचण आहे?

यंत्रणा नवी उभारायचीही गरज नाही. 14 डिसेंबर 2022 ला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांसमोर दोन्ही मुख्यमंत्री बसले, तेव्हा प्रत्येकी 3 अशा 6 मंत्र्यांच्या समितीने शेजारी राज्यांमधले लहानसहान प्रश्न सोडवावेत असं ठरलं होतं. प्रवेशाचं वेळापत्रक अगदी त्या समितीच्या मापाचा प्रश्न आहे. त्यात जमीन मागायची नाही, गाव मागायचं नाही, कुणाचा दावा कमजोर होत नाही. मार्चपर्यंत दोन्ही राज्यांनी आपल्या फेऱ्यांच्या तारखा एकमेकांना दाखवून जाहीर कराव्यात. पहिल्या फेरीच्या याद्या एकाच आठवड्यात लागाव्यात, आणि दोन्ही याद्या हातात आल्यानंतर चॉइस द्यायला आठ दिवस मिळावेत. तारीख हलवावी लागलीच तर नवी तारीख आणि कारण त्याच दिवशी सांगावं, “लवकरच कळवण्यात येईल” असं नव्हे. टाइप ई च्या कागदपत्रांची तपासणी बेळगावातच व्हावी. मच्छेजवळ व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्र विद्यापीठाचं, एवढं मोठं आवार आहे, परवानगी दिली तर महाराष्ट्राच्या सेलचं एक टेबल तिथे मावतं. नाही तर पलीकडे चंदगडच्या हद्दीत, शिनोळीला तरी असावं, खानापूरच्या माणसाला एका दिवसात जाऊन येता येईल असं.

दर डिसेंबरात कर्नाटकचं हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरतं आणि महाराष्ट्राचं नागपुरात. 2022 ला या दोन सभागृहांनी पाच दिवसांच्या अंतराने सीमेवर आपापले ठराव केले, 22 डिसेंबरला इथं बेळगावात आणि 27 ला पलीकडे नागपुरात. तेवढी तत्परता दोघांकडे आहे. येत्या डिसेंबरात बेळगाव, खानापूर, निपाणीच्या आमदारांनी एक साधा प्रश्न लेखी द्यावा: पुढच्या वर्षी सीटवाटपाची पहिली यादी कोणत्या तारखेला लागेल, आणि ती तारीख महाराष्ट्राला कळवली आहे का? त्याच आठवड्यात नागपुरात सीमाभागाच्या नावाने बोलणाऱ्यांपैकी कुणी तरी उलट बाजूने तोच प्रश्न विचारावा. तो प्रश्न आपल्या आमदाराच्या हातात आम्ही पालकांनी आणि शिक्षकांनी नोव्हेंबरातच द्यायला हवा. मसुदा मी लिहायला घेतला आहे, कन्नड आणि मराठी दोन्हींत, आणि ज्यांची मुलं यंदा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत अशा पालकांच्या सह्या त्यावर आधी हव्या आहेत.